अनुस्वार गळलेली पुस्तके

बेळगाव शहराच्या पश्चिमेस मार्कंडेय नदीच्या अंगाने जी भातशेती पसरली आहे, तिच्यात आमचे गाव आहे. गावात मराठी शाळा आहे, देवळाशेजारी पत्र्याची एक खोली आहे आणि त्या खोलीत दोन लोखंडी कपाटे आहेत. त्यांपैकी एकाचे दार उघडायचे तर ते आधी किंचित उचलावे लागते. या खोलीला आम्ही वाचनालय म्हणतो. गेल्या वर्षी गणेशोत्सवाचा हिशेब मिटल्यावर उरलेली रक्कम, रताळ्यांना बरा दर मिळाला म्हणून काही शेतकऱ्यांनी आपणहून दिलेले पैसे आणि सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका सुभेदारांची देणगी मिळून 24,000 रुपये जमले. पुस्तके निवडण्याचे काम चौघांवर आले. ते सुभेदार, अंगणवाडीच्या एक शिक्षिका, उद्यमबागेतील कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण आणि आयुष्यभर माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मी, असे हे चौघे.

पहिल्याच बैठकीत त्या तरुणाने पिशवीतून पाच कादंबऱ्या काढून सतरंजीवर मांडल्या. पाचही नावे अशी, की ज्यांची मागणी वाचनालयाच्या वहीत मुलांनी वारंवार नोंदविलेली होती. मुखपृष्ठे चकचकीत होती आणि छापील किंमत कोठे 350, कोठे 450 अशी होती. “पाचांचे मिळून पाचशे दिले, सर,” तो म्हणाला. त्याचा हिशेब सरळ होता. दुकानातून सवलत धरून सरासरी 300 रुपयांना एक याप्रमाणे 80 पुस्तके येतील, बाजारातल्या फुटपाथवरून तेवढ्याच पैशांत 240 येतील. त्याच्या बोलण्यात लबाडीचा लवलेश नव्हता. गावच्या पैशाचे मोल अधिकात अधिक वसूल व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ज्या मुलाने आपल्या पगारातून ही पाच पुस्तके विकत घेऊन आणली, त्याला चोरीचा माल कसा ओळखावा हे शिकवीत बसणे मला त्या क्षणी अवघड वाटले.

तरीही मी एक पुस्तक उचलले आणि सवयीने मधलेच पान उघडले. तेथे एक वाक्य होते, ‘तेव्हापासून त्याला चिता लागून राहिली.’ चिता आणि चिंता यांत एका बिंदूचेच अंतर आहे, एक मेलेल्याला जाळते आणि दुसरी जिवंताला, हे संस्कृत सुभाषित मी वर्गात किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. परंतु तो बिंदू खरोखरच गळून पडलेला मी छापील कादंबरीत प्रथमच पाहत होतो. पुढे दोन पानांवर एक म्हातारा ‘आबा चोखत’ बसलेला आढळला. बैठकीत सगळेच हसले. मीही हसलो, पण ते पुस्तक मी घरी घेऊन आलो.

हे बिंदू का गळतात, ते मला नंतर एका ओळखीच्या मुद्रकाकडून कळले. मूळ पुस्तकाची एक प्रत उसवून तिची पाने स्कॅन केली जातात, आणि जुनाट कागदावरचे ठिपके, डाग नाहीसे व्हावेत म्हणून चित्र साफ करण्याची आज्ञा संगणकाला दिली जाते. संगणकाच्या दृष्टीने अनुस्वार हाही ठिपकाच असतो, त्यामुळे डागांबरोबर तोही पुसला जातो. मग त्या चित्रांवरून प्लेट तयार होते, मॅपलिथो या पुस्तकी छपाईच्या चांगल्या कागदाऐवजी हलक्या कागदावर फॉर्म छापले जातात, कण्याला गरम डिंक लावून पुठ्ठा चिकटवला जातो, आणि एखाद्या प्रतीत सोळा पानांचा एक फॉर्म दोनदा येतो, तर दुसरीत तो मुळीच येत नाही. गंमत अशी की कन्नड लिपीला या आजाराची फारशी बाधा होत नाही. कन्नडमधील अनुस्वार म्हणजे अक्षरानंतर ओळीतच काढलेले चांगले ठसठशीत वर्तुळ असते, त्याला ‘सोन्ने’ म्हणजे शून्यच म्हणतात. ते धुळीचा कण समजून कोणी पुसत नाही. आमचा अनुस्वार मात्र डोक्यावर टांगलेला, सगळ्यांत आधी जाणारा.

त्या आठवड्यातील शनिवारी मी बाजारात गेलो. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली हा जो शहराचा जुना बाजार आहे, त्यात पायी चालणाऱ्याला अर्धा रस्ताच मिळतो आणि उरलेल्या अर्ध्यावर कंगव्यांपासून केळ्यांपर्यंत सर्व काही मांडलेले असते. मी ज्या विक्रेत्याविषयी लिहीत आहे, तो यांपैकी नेमका कोठे बसतो हे मी सांगणार नाही. वय चाळिशीच्या आतबाहेर. घरची भाषा कन्नड, मराठी बाजारात शिकलेली, आणि ती आमच्या भागातील माणसाला लगेच आपली वाटावी अशी. निळ्या प्लास्टिकच्या कागदावर त्याने पुस्तके तीन ओळींत लावली होती, आणि ती विषयानुसार किंवा लेखकानुसार नव्हे, तर दरानुसार. पुढच्या ओळीत इंग्रजीतून मराठीत आलेली ‘श्रीमंत कसे व्हावे’ या जातीची पुस्तके, मधल्या ओळीत ऐतिहासिक कादंबऱ्या, मागे स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके. शेजारी एका गोणपाटावर मात्र वेगळाच ऐवज होता. रद्दीतून आलेले जुने दिवाळी अंक, पाठ निखळलेले शब्दकोश आणि पहिल्या पानावर कोणा विद्यार्थ्याचे बक्षीस म्हणून नाव लिहिलेली चरित्रे.

मी मधल्या ओळीतील एक पातळ पुस्तक उचलून, मास्तरकीचा आवाज काढून विचारले, “हे कॉपी ना?” पुस्तक साने गुरुजींचे होते. “हे कॉपी नव्हे, सर,” तो शांतपणे म्हणाला, “हे कुणी पण छापू शकतंय.” आणि त्याचेच बरोबर होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांच्या लेखनावरील हक्क 2010 अखेर संपला आणि 2011 पासून ते सर्वांचे झाले. (हा काळ पूर्वी 50 वर्षांचा होता. रवींद्रनाथ ठाकुरांच्या लेखनावरील हक्क 1991 अखेर संपणार असे दिसू लागले, तेव्हा तो वाढविण्याच्या हालचाली झाल्या आणि 1992 च्या दुरुस्तीने तो 60 वर्षांवर गेला.) ज्याला मी चोर समजून धडा शिकवायला निघालो होतो, त्याने मला कायद्याचा एक धडा दिला, तोही कोणताही तोरा न मिरवता. मी ओशाळलो. ओशाळलेला माणूस बहुधा काहीतरी विकत घेतो, तसा मी गोणपाटावरचा एक शब्दकोश घेतला.

त्यानंतर मी त्याच्याकडे अनेकदा गेलो आणि हळूहळू व्यवहार समजत गेला. गठ्ठे रात्रीच्या बसने येतात. ते कोठे छापले जातात हे त्याने कधी विचारलेले नाही, आणि देणाऱ्यानेही ते कधी सांगितलेले नाही. एक प्रत त्याला साठ-सत्तर रुपयांना पडते, ती तो शंभरला किंवा समोरच्याची चप्पल पाहून एकशेवीसला देतो. न खपलेला माल परत घेतला जात नाही, पावसात भिजलेला तर नाहीच. “सर, खरं मी काय छापतो काय? मी नुसतं ठेवतो की,” असे तो एकदा म्हणाला. आमच्या बोलीतला हा ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या वाचकाला हे सांगावे लागते, कारण नाहीतर तो विक्रेता दर वाक्यात सत्याची ग्वाही देत आहे असा त्याचा समज होईल.

कायद्याच्या नजरेने पाहिले तर हे नुसते ठेवणेही पुरेसे आहे. त्याच कायद्याचे 63 वे कलम जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच 50,000 पासून दोन लाखांपर्यंत दंड सांगते, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला याच माणसाच्या छातीवर प्लास्टिकच्या पाकिटात एक ओळखपत्र लटकत असते. रस्त्यावर वस्तू विकणे हादेखील घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये म्हटले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 2014 मध्ये, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला, ज्यानुसार प्रत्येक शहरात विक्रेत्यांची मोजणी व्हावी, त्यांना प्रमाणपत्रे मिळावीत आणि जागा ठरविणाऱ्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडलेले असावेत, असे ठरले. करोनाच्या टाळेबंदीनंतर, 2020 साली, केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी 10,000 रुपयांच्या कर्जाची योजना काढली. त्याने ते कर्ज घेतले, वेळेवर फेडले आणि मग 20,000 चे दुसरे घेतले. त्या पैशांतून त्याने काय भरले, हे मी विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. म्हणजे माणूस कायदेशीर, जागा कायदेशीर, भांडवल तर सरकारमान्य, आणि त्यावर मांडलेल्या मालातील दोन तृतीयांश चोरीचा. यातील कोणत्या भागाकडे बोट दाखवून मी त्याला ‘तू’ म्हणावे, हे मला उमगत नव्हते.

आता माझ्या स्वतःच्या हिशेबाकडे येतो, कारण या प्रकरणात सर्वाधिक अस्वस्थता मला तेथे वाटते. मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना शहरात अशी दुकाने होती, जेथे कोरी कॅसेट नेऊन दिली आणि गाण्यांची यादी हातात ठेवली, की दोन दिवसांनी ती भरून मिळे. नाट्यगीतांच्या अशा सात कॅसेट माझ्याकडे होत्या आणि त्यांच्या कडेच्या पट्टीवर मी सुवाच्य अक्षरात रागांची नावे लिहिली होती. त्यांतील एका गायकाला किंवा वादकाला माझ्याकडून एक पैसाही मिळाला नाही, असा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. पुढे शिक्षक झाल्यावर मी मार्गदर्शकांतील प्रश्नसंच झेरॉक्स करून वर्गात वाटले. त्याबद्दल मला अजूनही फारसे वाईट वाटत नाही, आणि 2016 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी लावलेला दावा फेटाळला, तेव्हा मी वर्तमानपत्रातील ती बातमी कापून ठेवली होती. शिक्षणाच्या ओघात, अभ्यासक्रमापुरते केलेले पुनर्मुद्रण कायद्याने मोकळे ठेवले आहे, हा त्या निकालाचा गाभा. परंतु त्या निकालाचा आधार घेऊन फुटपाथवरच्या कादंबरीला आडोसा देता येत नाही, हेही मला कळते. तेथे विद्यार्थ्याला नेमलेले प्रकरण हवे होते. येथे कोणा अज्ञात माणसाला चालते पुस्तक जसेच्या तसे छापून पैसे मिळवायचे आहेत.

‘चालते पुस्तक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, अलीकडे कित्येकदा पाचशेची किंवा त्याहूनही लहान असते, आणि ती संपायला वर्षे लागतात. प्रकाशकाच्या यादीतील चार-दोन पुस्तके मात्र सतत खपतात. त्यांच्या जोरावर तो बाकीची काढतो. एखाद्या नवख्या मुलीचा कथासंग्रह, एखाद्या बोलीचा कोश, कवितांची पुस्तके. फुटपाथवरचा छापणारा नेमकी ती चार-दोनच उचलतो. हस्तलिखित वाचण्याचा, मुद्रिते तपासण्याचा, न खपण्याचा धोका दुसऱ्याने पत्करायचा आणि पीक उभे राहिले की कणसे तेवढी खुडून न्यायची, असा हा प्रकार आहे. आमच्या तालुक्यातील एका कविमित्राला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “माझा संग्रह कोणी चोरून छापला, तर मी पेढे वाटीन.” विनोद म्हणून हे ठीक आहे, पण त्याचा दुसरा संग्रह निघाला नाही याचे कारणही त्यातच कोठेतरी दडलेले असावे.

यावर मला नेहमी मिळणारे उत्तर असे, की सीमाभागातील मराठी वाचकाला दुसरा मार्ग कोणता आहे? या उत्तरात तथ्य आहे, आणि ते मी झटकून टाकू शकत नाही. पुस्तके मुख्यतः पुण्या-मुंबईत छापली जातात. गावातील वाचकाला ती हवी असतील तर दुकानात मागणी नोंदवून वाट पाहावी लागते, किंवा टपालाचा खर्च सोसावा लागतो. चार एकर भात करणाऱ्याच्या घरी 450 रुपयांची कादंबरी ही चैनच असते. फुटपाथवरच्या त्या निळ्या कागदाने आमच्या भागातील कित्येक मुलांना आयुष्यातील पहिले स्वतःचे पुस्तक दिले आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका शनिवारी एक मुलगा बसच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून, उरलेली नाणी मोजून पुस्तक घेत होता. त्या मुलाला मी काय सांगायला हवे होते? मी काहीच सांगितले नाही, आणि पुढे कधी सांगेन असेही वाटत नाही.

परंतु वाचनालयाची गोष्ट निराळी आहे, असे माझे मन मला बजावीत राहिले. एकट्या वाचकाने गरजेपोटी घेतलेली प्रत ही त्याची खाजगी तडजोड असते. गावाच्या नावाने, गावाच्या पैशाने घेतलेल्या दोन-अडीचशे प्रती हे गावाचे विधान ठरते. आणि आमचे गाव विधाने करण्यात मागे नाही. 1946 साली बेळगावातच भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, याचा अभिमान आमच्याकडे आजोबा नातवंडांना सांगतात. बेळगाव कर्नाटकात घातले गेले त्याच्या निषेधार्थ 1 नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख कधी लागते, याकडे आमचे डोळे असतात. शहरातील सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो, आणि दर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून ग्रंथदिंड्या निघतात, तेव्हा पालखीत पुस्तके ठेवून त्यांच्यावर फुले उधळतो. त्या पालखीतील एखादे पुस्तक शंभर रुपयांचे, अनुस्वार गळालेले असेल, तर आम्ही नेमके कशावर फुले उधळीत असतो? मराठीसाठी लाठ्या खाल्लेल्या माणसांच्या गावाने मराठीत लिहिणाऱ्याच्या मानधनाचे तीस-चाळीस रुपये बुडवावेत, ही विसंगती मला त्या विक्रेत्याच्या व्यवहारापेक्षा कितीतरी अधिक बोचते. त्याने कधी भाषेचे नाव घेतले नव्हते. ते आम्ही घेतो.

हे सारे मी दुसऱ्या बैठकीत बोलायचे ठरवून गेलो होतो. दोन कागदांवर मुद्देही काढले होते. पण बोलण्याची वेळच आली नाही. सुभेदारांनी चष्मा पुसत विचारले, “त्याच्याकडे बिल मिळते काय?” तरुण म्हणाला, “बिल कुठलं, साहेब, फुटपाथवर?” “मग मी जमाखर्चात काय लिहू? लोकांनी पैसे दिलेत, पावती दाखवायला नको?” एवढ्यावर प्रश्न निकालात निघाला. अंगणवाडीच्या बाईंनी चहा ओतला. पुस्तके दुकानातूनच घ्यायची असे एकमताने ठरले, आणि माझे दोन कागद खिशातच राहिले. योग्य तो निर्णय अयोग्य कारणाने झाला, याची रुखरुख मला वाटली, हे कबूल करायला हवे. आणि ती रुखरुख माझ्या तळमळीतून आली की न झालेल्या भाषणातून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

19,800 रुपयांत 66 नवी पुस्तके आली. मुलांनी मागितलेल्या पाचही कादंबऱ्यांची खरी प्रत आम्ही घेतली. तरुण सदस्याने आपल्या पाच प्रतींचे काय करायचे ते विचारले. दाखल नोंदवहीत त्यांना जागा नव्हती आणि त्या रद्दीत टाकाव्यात असे म्हणायची माझी जीभ रेटेना. त्या माझ्या घरी आहेत. त्यांपैकी एका प्रतीत मी रोज रात्री पेन्सिलीने अनुस्वार देत असे. काम निरुपयोगी आहे हे कळत असूनही हात थांबत नव्हता. निवृत्त शिक्षकाला तपासायला वह्या नसल्या की असे होते. शंभर-सव्वाशे पानांनंतर मी कंटाळून सोडून दिले. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतील नववीतील मुलगी वाचनालयाची प्रत बाहेर गेली आहे म्हणून तीच घेऊन गेली. परत आणली तेव्हा पुढच्या पानांवरही पेन्सिलीचे बिंदू होते, काही ठिकाणी नको तेथेही. ‘आबा’ मात्र तिने तसाच ठेवला होता. विचारल्यावर म्हणाली, “मला तसंच बरं वाटलं, सर.”

उरलेल्या पैशांतून जुनी पुस्तके घ्यावीत, असे मी समितीला सुचविले. रद्दीतील जुनी प्रत विकण्यात कोणाचाच हक्क बुडत नाही, कारण तिचे मोल एकदा चुकते झालेले असते, आणि हिशेबासाठी साध्या कागदावर लिहिलेली पोच चालेल, असे सुभेदारांनी मोठ्या उदारपणे मान्य केले. मी त्या विक्रेत्याला 500 रुपये आगाऊ दिले आणि गोणपाटावरील मालातून शब्दकोश, चरित्रे व जुने दिवाळी अंक निवडून ठेवायला सांगितले. त्याने तसे दोन गठ्ठे सुतळीने बांधून, वर माझ्या नावाची चिठ्ठी खोचून, मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. ते मी पुढच्या शनिवारी न्यायचे होते.

मधल्या बुधवारी अतिक्रमण हटविणारी गाडी आली. तिने निळा कागद, त्यावरची पुस्तके, गोणपाट आणि माझे दोन गठ्ठे, सगळे एकत्रच उचलून नेले. कॉपीराइटचा त्यात काही संबंध नव्हता. शेजारच्या केळीवाल्याची ढकलगाडीही गेली, आणि केळ्यांवर तर कोणाचाच हक्क सांगता येत नाही. खरे, खोटे, साने गुरुजी, चिरफाळलेले शब्दकोश, असा भेद करायला त्या गाडीला वेळ नव्हता. मी शनिवारी गेलो तेव्हा जागा रिकामी होती. त्यापुढच्या शनिवारीही रिकामीच होती, आणि मी घरी येऊन उगाचच शब्दकोश चाळत बसलो.

तिसऱ्या शनिवारी तो दिसला. जागा तीच, पण खाली निळ्या कागदाऐवजी एक घडीचे टेबल, आणि त्यावर मोबाइलची कव्हरे, चार्जर आणि कानात घालायच्या वायरी. मला पाहताच त्याने खिशातून पाचशेची नोट काढली. ती वेगळी घडी करून ठेवलेली होती. “तुमचे ॲडव्हान्स, सर. गठ्ठे गेले की.” मी म्हटले, राहू द्या, नुकसान तुमचेच झाले आहे. तो ऐकायला तयार नव्हता. “माल दिलो नाही, पैसे कसं ठेवून घेऊ?” बाजारातील गर्दीत, एकमेकांच्या हातात ती नोट कोंबण्याचा आमचा प्रकार बराच वेळ चालला, आणि शेवटी ती माझ्याच खिशात आली. दुसरे कर्ज अजून फिटायचे आहे, असे बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले. पुस्तकांचा धंदा सोडला, कव्हरे हलकी असतात, गाडी आली तर दोन मिनिटांत पिशवीत भरून पळता येते.

माझ्या मोबाइलचे कव्हर कडेला फाटले होते, ते त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्याने एक काळे कव्हर पुढे केले. “घेऊन सोडा की, सर. ओरिजिनलसारखंच आहे.” मी ऐंशी रुपये दिले. कव्हराच्या पाठीवर कोणत्या तरी कंपनीचे चिन्ह उठावात उमटलेले बोटाला लागत होते. चष्मा खिशात होता, तो मी काढला नाही.